गळक्या गाडीतला जास्तीचा गॅस

१

गुरुवारी संध्याकाळी आमचं गॅस मशीन ठणठणीत होतं. शुक्रवारी सकाळी बटण दाबलं तर नुसतं घुं घुं करून गप्प बसलं.

गाड्यांच्या एसीचं काम करणाऱ्या गॅरेजमध्ये हे मशीन म्हणजे घरातली चूल. कपाटाएवढं असतं, खाली चाकं, वर दोन नळ्या. गाडीला नळ्या जोडल्या की आधी ते जुना गॅस ओढून घेतं, मग एसीच्या नळ्यांमधली हवा न् ओल खेचून काढतं आणि शेवटी मोजून गॅस भरतं. ओढलेला गॅस आतल्या आत गाळून ठेवतं आणि पुढच्या गाडीला तोच वापरतं. वडील गेल्यावर गॅरेज माझ्याकडे आलं, तेव्हा मी घेतलेली ही पहिली मोठी वस्तू. तिला हात लावायचा तो फक्त गॅसकाकांनी.

गॅसकाका माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. गॅरेजला पत्रे नव्हते तेव्हापासूनचे. कानानं एसीचा आजार ओळखायचे. त्या दिवशी त्यांनी मशीनची एक नळी काढून टोक उजेडात धरलं, बोट घातलं आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

"काय झालं काका?"

"काही तरी घट्ट बसलंय आत," ते म्हणाले. "कंपनीचा माणूस बोलाव."

एरवी काका कंपनीच्या माणसाला दारातही उभं करत नसत.

शनिवारी दुसरा दणका बसला. नर्सबाईंची गाडी भर रस्त्यात बंद पडली. या बाई घरोघरी जाऊन बाळंतिणींना बघतात. गुरुवारीच आम्ही त्यांच्या एसीत गॅस भरून दिला होता. एसीचा कॉम्प्रेसर जाम झाला, त्यानं पट्टा तोडला, आणि त्याच पट्ट्यावर इंजिनचे बाकीचे भागही चालत असल्यानं गाडी जागच्या जागी थांबली. बाई बॅग उचलून दीड किलोमीटर चालत गेल्या. बाळ त्यांच्या आधी पोहोचलं होतं. सुदैवानं शेजारीण धीराची निघाली आणि आई-बाळ दोघंही सुखरूप राहिली.

"माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर तुमच्या दारात येऊन बोंब मारली असती," नर्सबाई फोनवर म्हणाल्या. "मी फक्त विचारते. गाडीत काय घातलंत तुम्ही?"



२

सोमवारी कंपनीचा माणूस आला. त्यानं मशीनचं पोट उघडलं आणि चिमट्यानं एक तुकडा बाहेर काढला. पिवळसर, वाळलेल्या डिंकासारखा.

"सीलंट," तो म्हणाला. "लीक बंद करायची डबी मिळते बघा बाजारात. एसीत सोडायची, म्हणजे गळती जिथं असेल तिथं हवा लागून ते घट्ट होतं. लोकांना वाटतं, जादू. पण आत जरा ओल राहिली की ते नको तिथंही घट्ट होतं. मग मशीननं ते ओढलं की मशीनही गेलं. वॉरंटीत बसत नाही हे. तुमच्याच माणसाचं काम असणार."

"आमच्याकडे असलं काही वापरत नाहीत," मी ताडकन म्हणाले.

"सगळे हेच म्हणतात," तो म्हणाला आणि हत्यारं गोळा करून गेला.

विम्याचे कागद भरायला मशीनचं पुस्तक लागत होतं. ते काकांच्या लोखंडी कपाटात असायचं. काका जेवायला गेले होते. मी कपाट उघडलं. पुस्तक वरच होतं. त्याच्या मागे, जुन्या बनियनच्या चिंधीत गुंडाळलेली एक रिकामी डबी होती.

लीक बंद करायची डबी.

सूचनांचा कागद नीट घडी घालून डबीला रबरबँडनं बांधलेला होता. डबीच्या बुडाशी मुदतीची तारीख छापली होती आणि तिच्याभोवती निळ्या पेनानं वर्तुळ काढलेलं होतं. मी हे सगळं पाहिलं. पण पाहिलं म्हणजे दिसलंच असं नाही. माझ्या डोळ्यांपुढे फक्त रस्त्यानं बॅग घेऊन चालणाऱ्या नर्सबाई होत्या.

काका हात पुसत आत आले. मी डबी टेबलावर ठेवली.

"काका, का केलंत असं?"

त्यांचा हात पुसता पुसता थांबला. डबीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मी गाडीत काही घातलेलं नाही," ते म्हणाले. "एवढंच सांगतो."

"मग ही तुमच्या कपाटात कशी?"

मी दोनदा विचारलं, तीनदा विचारलं. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे उभे. शेवटी मी म्हणाले, "चौकशी होईपर्यंत तुम्ही घरीच थांबा."

त्यांनी खिशातून किल्ल्या काढल्या, त्यातली स्वतःच्या घराची तेवढी सोडवून घेतली आणि बाकीचा जुडगा माझ्यापुढे ठेवला. मला वाटलं, गुन्हा कबूल झाला.

घरी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. आमचे हे औषधांचं दुकान चालवतात, गॅरेजपासून दोन गल्ल्या सोडून. शांत माणूस. घरात जॅमची बाटली आली तरी मुदत बघितल्याशिवाय फळीवर ठेवणार नाहीत. त्यांचा घास हातातच राहिला.

"काकांना घरी बसवलंस?"

"मग काय आरती ओवाळू?"

ते पानावरून उठले. मला वाटलं, काकांबद्दल वाईट वाटलं असेल. त्यांचं आणि काकांचं मेतकूट होतंच.

३

बुधवारी विमा कंपनीच्या सर्व्हेअरबाई आल्या. पन्नाशीच्या, आखूड केस, पायात जाड तळाचे बूट. खुर्ची दिली तर नको म्हणाल्या, एका जुन्या टायरवर बसल्या आणि वही उघडली. प्रश्न विचारून उत्तराची वाट बघायच्या, आणि उत्तर मिळाल्यावरही वाट बघायच्या. त्यामुळे माणूस आपणहून आणखी काही तरी बोलून जायचा.

"गुरुवारी मशीन किती गाड्यांना लावलं?"

"दोन." मी नोंदवही दाखवली. "सकाळी एक टॅक्सी, दुपारी तीनला नर्सबाईंची गाडी."

"तुम्ही इथंच होतात?"

"बारा ते अडीच नव्हते. टेम्पोनं बाजारात गेले होते, सुटे भाग आणायला."

त्यांनी थोडी वाट बघितली. मीही आणखी बोलून गेले, "गॅसकाका होते ना. सगळं त्यांच्या हातात होतं. तेच तर."

"डबी त्यांच्या कपाटात सापडली."

"हो."

"त्यांच्या कपाटाला कुलूप असतं?"

"नसतं. कशाला हवं?"

"बरोबर," त्या म्हणाल्या. "ज्याला लपवायचं असतं तो कुलूप घेतो. किंवा रिकामी डबी घरी जाताना कचऱ्यात टाकतो."

टॅक्सीवाला स्वतःच आला. बोलका माणूस. "बाई, माझा एसी असा गार की मागे बसलेली गिऱ्हाइकं काच खाली करा म्हणतात! आणि डबीबिबी मी कशाला घालू? माझ्या गाडीवर माझं पोट आहे. पोटात कोणी डिंक ओततं का?"

सर्व्हेअरबाईंनी त्याचा एसी लावला, हात पुढे धरला, मान डोलावली आणि त्याला जाऊ दिलं.

नर्सबाईंना त्यांनी एकच प्रश्न विचारला. "गुरुवारी इथं येण्याआधी एसी कसा होता?"

"कमी गार. पण चालत होता. आवाज नाही, काही नाही. इथून नेल्यावर दोन दिवसांत गाडीच बसली."

"आधी कधी कुणाकडून दुरुस्ती?"

"मी लोकांना सांगते, दुखणं अंगावर काढू नका आणि घरगुती उपाय करू नका. मीच करीन का?"

त्या गेल्यावर सर्व्हेअरबाई मला म्हणाल्या, "या बाईंची गाडी आजारी होती, पण विष इथं आल्यावर मिळालं."

"म्हणजे काकांनीच—"

"मशीनच्या चिठ्ठ्या ठेवता ना तुम्ही?"

प्रत्येक गाडीनंतर मशीन एक छोटी चिठ्ठी छापतं. किती वाजता, किती ग्रॅम गॅस काढला, किती भरला. मी तारेला अडकवलेला गठ्ठा काढून दिला. त्यांनी गुरुवारच्या दोन चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या.

टॅक्सीची चिठ्ठी चारशे बारा नंबरची होती. नर्सबाईंची चारशे चौदा.

"चारशे तेरा कुठाय?" त्यांनी विचारलं.

४

मशीनचं पोट गोठलं होतं, पण डोकं चालू होतं. सर्व्हेअरबाईंनी वीज जोडली, चार बटणं दाबली, आणि हरवलेली चिठ्ठी किर्र आवाज करत पुन्हा बाहेर आली.

गुरुवार, दुपारी एक वाजून दहा मिनिटं. काढलेला गॅस सहाशे दहा ग्रॅम. भरलेला गॅस साडेचारशे ग्रॅम.

मी ती दोनदा वाचली.

"मशीन चुकलं असेल," मी म्हणाले.

"बाकीच्या दोन बघा. टॅक्सी. निघाला दोनशे ऐंशी, भरला साडेपाचशे. नर्सबाई. निघाला तीनशे, भरला पाचशे. गळकी गाडी कमी गॅस घेऊन येते. आणि ही बघा. हिची कुवतच साडेचारशेची, पण हिच्यातून सहाशे दहा निघाला. गळक्या घागरीतून घागरीपेक्षा जास्त पाणी कसं निघेल?"

"कुणी तरी वरून ओतलं तर."

"आणि मापाशिवाय ओतलं तर. डबीत सीलंटबरोबर गॅसही असतो." त्यांनी डबीचा रबरबँड सोडवून सूचनांचा कागद माझ्यापुढे पसरला. बारीक अक्षरांत तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, की एसीतली हवा आणि ओल यंत्रानं काढून टाकल्याशिवाय हे वापरू नये. "गॅसकाकांना हे सोडायचं असतं तर आधी ओल काढायला यंत्र हाताशी होतं. हे वापरलंय अशा माणसानं, ज्याच्याकडे ना यंत्र होतं, ना वजनकाटा. आत ओल राहिली. तिच्यामुळे सीलंट घट्ट व्हायला लागलं. मग ती गाडी इथं आली आणि मशीननं तो सगळा काला ओढून घेतला. त्यातला थोडा पुढच्या गाडीत, म्हणजे नर्सबाईंच्या एसीत गेला. उरलेला रात्रभरात मशीनमध्ये आवळला. टॅक्सी आधी आली होती म्हणून वाचली."

"आणि काका?"

"तुम्हीच सांगा. आत काय आहे हे माहीत असतं, तर त्यांनी स्वतःच्या हातानं मशीन जोडलं असतं?"

काका मशीनवर माशी बसू देत नसत.

"मग चिठ्ठी कुणी फाडली?" मी विचारलं.

"ती त्यांनीच फाडली असणार. आणि डबीही त्यांनीच बाजूला ठेवली. स्वतःसाठी नाही. दुसऱ्या कुणासाठी." त्यांनी वही मिटली. "प्रत्येक गाडीच्या बॉनेटखाली गॅसच्या मापाचं स्टिकर असतं. ज्या गाडीची नोंद वहीत करावीशी वाटली नाही, अशी साडेचारशे ग्रॅमची गाडी शोधायची. गिऱ्हाइकाची नोंद तर काकांनी केलीच असती."

मी सहज बाहेर बघितलं. अंगणात, पत्र्याच्या सावलीत, एकच गाडी उभी होती.

माझी.

५

स्वतःच्या गाडीचं बॉनेट मी हजारदा उघडलं असेल. त्या दिवशी खटका सापडेना. सर्व्हेअरबाई मदतीला आल्या नाहीत, लांब उभ्या राहिल्या. स्टिकर तेलकट झालं होतं. मी अंगठ्यानं पुसलं.

चारशे पन्नास.

आमच्या गाडीचा गॅस गळतोय हे मला महिनाभर माहीत होतं. पण सुताराच्या घरची खुर्ची नेहमी मोडकी. आज बघू, उद्या बघू. त्या आठवड्यात एसी लावायला गेले की हे म्हणायचे, "राहू दे, काच खाली घे, मोकळी हवा चांगली." मलाही बरंच वाटायचं, एक काम लांबलं.

"गाडीची दुसरी किल्ली कुणाकडे असते?" मागून आवाज आला.

मी स्टिकर पुसतच राहिले. त्यांनी वाट बघितली. मग पर्समधून डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी घेतली, पाणी प्यायल्या आणि पट्टी बॉनेटच्या कडेवर ठेवली.

"सकाळी येताना दोन गल्ल्या सोडून औषधांचं दुकान लागलं, तिथून घेतली," त्या म्हणाल्या. "दुकानदार फार काळजीचे. मुदत दाखवून, खूण करून देतात."

पट्टीवरच्या तारखेभोवती निळ्या पेनानं वर्तुळ काढलेलं होतं.

मी गॅरेज तसंच उघडं टाकून दोन गल्ल्या चालत गेले. काउंटरवरून ह्यांनी मला येताना पाहिलं आणि समोरच्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "जरा नंतर या." दुकानाची फळी आडवी लावली. मग माझ्याकडे वळले.

"कळलं?"

"तुमच्या तोंडून ऐकायचंय."

ते औषधांच्या खोक्यावर बसले. "रविवारी तू बाहेर गेली होतीस. म्हटलं, आपण करू. फोनवर व्हिडिओ बघितला, दहा मिनिटांचं काम दाखवत होते. तुझ्यापुढे मी घरात साधा नळ दुरुस्त करत नाही गं. तूच करतेस, माझ्याआधी करतेस. वाटलं, एकदा तरी गाडीत बसशील आणि म्हणशील, अरे, गार कशी झाली? तर होता तोही गारवा गेला. मग गुरुवारी काकांना म्हटलं, हिला कळू न देता नीट करून द्या."

"डबीचं सांगितलं नाहीत त्यांना?"

"नाही. लाज वाटली. दिवसभर लोकांना सांगतो, विचारल्याशिवाय औषध घेऊ नका, दोन औषधं एकत्र करू नका. आणि मीच..."

"मशीन बंद पडलं तेव्हा?"

"तेव्हा वाटलं, योगायोग असेल. नर्सबाईंचं कळलं तेव्हा समजलं, योगायोग नाही. आणि काकांचं कळलं..." त्यांनी चष्मा काढला. "रोज सकाळी ठरवायचो, आज सांगतो. आज सांगतोच."

मी ओरडणार होते. तोंड उघडलंही. पण सोमवारी किल्ल्या घेतल्या होत्या त्या मी, ह्यांनी नाही. ओरडायला माझ्याकडे तोंड राहिलं नव्हतं.

६

सर्व्हेअरबाईंनी अहवाल जसा होता तसा लिहिला. विमा मिळणार नाही हे त्यांनी मला तोंडावर सांगितलं आणि मी मान हलवली. निघताना म्हणाल्या, "नर्सबाईंच्या गाडीचे भाग नुसते धुऊन भागणार नाही. कॉम्प्रेसर, व्हॉल्व्ह, सगळं बदला. तुमच्या गाडीचंही. एकदा घट्ट झालेलं ते परत पातळ होत नाही."

नर्सबाईंकडे हे स्वतः गेले. आत काय बोलणं झालं मला माहीत नाही. त्यांची गाडी दुरुस्त होईपर्यंत रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी हे त्यांना टॅक्सीनं सोडायला जायचे, बॅग हातात घेऊन. तिसऱ्या दिवशी त्यांनी बॅग धरू दिली, एवढं मला टॅक्सीवाल्याकडून कळलं.

काकांकडे मी एकटी गेले. ते ओट्याशी उभे राहून भांडी पुसत होते. काकू गेल्यापासून घरातलं सगळं तेच करतात. मला बस म्हणाले नाहीत, जा असंही म्हणाले नाहीत.

"काका, डबी कुठे मिळाली तुम्हाला?"

"तुझ्या डिकीत. शुक्रवारी. नळीत बोट घातलं तेव्हाच कळलं होतं, कुठल्या गाडीतून आलं ते."

"मग सांगितलं का नाहीत मला?"

"नवरा-बायकोच्या मध्ये मी कोण? म्हटलं, सज्जन माणूस आहे, आज ना उद्या आपणहून बोलेल. तोवर डबी माझ्याकडे राहू दे." पातेलं फळीवर पालथं ठेवत ते म्हणाले, "आणि माझीही चूक होतीच. सहाशे दहा ग्रॅम निघाला तेव्हाच खटकलं होतं. तेव्हाच मशीन थांबवून विचारायला हवं होतं. पण घरचा माणूस. जीभ रेटली नाही. त्यापायी ती बिचारी बॅग घेऊन चालत गेली."

"माझी चूक सगळ्यांत मोठी," मी म्हणाले. "माफ करा."

त्यांनी फडका पिळून दोरीवर टाकला.

"डबी सापडल्याचा राग नाही मला," ते म्हणाले. "पोरी, तू मला विचारलंस, का केलंत असं. केलंत का, असं नाही विचारलंस."

मला रडू आलं. त्यांनी माझ्याकडे पाठ केली, म्हणजे मला सावकाश रडता यावं. मग म्हणाले, "येतो सोमवारपासून. पण एक सांगतो. यापुढे नळी जोडायच्या आधी गिऱ्हाइकाशी मी बोलणार. तू नाही बोलायचं. तुझा आवाज चढतो."

मशीन दुरुस्त होऊन यायला तीन आठवडे लागले. त्याच्याबरोबर सीलंट ओळखायचं छोटं उपकरणही मागवलं. काकांनी ते भिंतीवर टांगलं, पण पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "हे नंतर. आधी माणूस."

त्या आठवड्यात एक निवृत्त ग्रंथपाल आपली जुनी गाडी घेऊन आले. कडक इस्त्रीचा सदरा, मोजून बोलणं. गाडी गार होत नाही, म्हणाले. काकांनी नळी हातात घेतली, पण जोडली नाही.

"साहेब, आधी यात कुणी काही घातलंय का? डबी, औषध, काही?"

"छे छे. कोण घालणार?"

काका नळी हातात धरून नुसते उभे राहिले. मी टेबलाशी ओठ मिटून बसले होते. ग्रंथपालांनी गाडीकडे बघितलं, मग बुटांकडे.

"तुम्ही रागावणार नाही ना?"

"नाही."

"माझ्या मुलीला सांगणार नाही?"

"अजिबात नाही."

"दोन डब्या घातल्यात," ते हळूच म्हणाले. "पहिलीनं काही झालं नाही, म्हणून दुसरी."

काकांनी नळी मशीनच्या आकड्याला परत अडकवली, एक स्टूल ओढून त्यांच्यासमोर ठेवलं आणि दुसऱ्यावर आपण बसले.

"बसा," ते म्हणाले. "आता पहिलीपासून सांगा."